वाचक विचारतात : घरच्या मिक्सरमधली हिरवी स्मूदी

प्रश्न : गेल्या महिन्यापासून आमच्या घरी रोज सकाळी पालक, केळे आणि चिकू एकत्र फिरवून स्मूदी केली जाते. पालक निवडताना दिसणारा सुरेख हिरवा रंग पेल्यात मात्र कधीच उतरत नाही. पेय करडे-तपकिरी होते, पालकाचे धागे दातांत अडकतात आणि मुले पेला तसाच ठेवून शाळेला जातात. घरात ७५० वॉटचा साधा मिक्सर आहे. रंग व पोत सुधारण्यासाठी काय करावे आणि प्रमाण काय ठेवावे? — एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : रंगाचा पहिला दोष चिकूकडे जातो. चिकूचा गर मुळात तपकिरी असतो आणि हिरव्यात तपकिरी मिसळल्यावर जे व्हायचे तेच होते. त्यामुळे चिकू वेगळा खावा, तो तसाच अधिक चांगला लागतो. दुसरा दोष केळ्याचा आहे, पण तो सुधारता येतो. केळे किंवा सफरचंद कापून ठेवले की काळे पडते, कारण त्यातील एक विकर (एन्झाइम) हवेतील ऑक्सिजनच्या संपर्कात येताच कामाला लागते. मिक्सर तर गर वाटता वाटता त्यात हवाही घुसळतो. तिसरे कारण खुद्द पालकात आहे. हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियम असते. आंबट रसात ते सुटून जाते, त्याची जागा हायड्रोजन घेतो आणि पोपटी-हिरव्याचा मळकट शेवाळी रंग होतो. पालेभाजी झाकण ठेवून शिजवली की काळपट होते, हे आपण पाहिलेच असेल. भाजीतली आम्ले वाफेबरोबर बाहेर पडू न शकल्याने तसे होते. म्हणून लिंबाचा रस फळाचे काळवंडणे रोखतो, हे खरे असले तरी तो घालून स्मूदी तासन्‌तास ठेवल्यास पालकाचा हिरवेपणा जातो. लिंबू अगदी शेवटी, पेल्यात ओतताना पिळावे आणि स्मूदी लगेच प्यावी. रंग टिकावा म्हणून चिमूटभर खाण्याचा सोडा घालण्याची युक्ती काहीजण सांगतात. तिने रंग खुलतो खरा, पण क जीवनसत्त्वाचे नुकसान होते आणि चवही साबणासारखी लागते, म्हणून ती करू नये.

धाग्यांचे कारण अगदी साधे आहे. पालकाचे देठ आणि पानाची मधली जाड शीर घरगुती मिक्सरच्या पात्याखाली नीट तुटत नाही, ती नुसती पात्याभोवती गोल फिरत राहते. भाजी निवडताना देठ पूर्ण खुडून काढावेत. ते वाया जात नाहीत, कारण डाळीत बारीक चिरून घातले की छान शिजतात. पाने धुताना चाळणीवर पाणी सोडून भागत नाही. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन पाने बुडवावीत, हलवावीत आणि वरच्या वर उचलून घ्यावीत, म्हणजे माती तळाशी राहते. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे तीन-चार वेळा करावे लागते. पातेले तसेच उपडे केले, तर खाली बसलेली सगळी रेती पुन्हा पानांवर येते.

यानंतर माझा आग्रह असा की, पाने उकळत्या पाण्यात जेमतेम एक मिनिट बुडवून लगेच गार पाण्यात काढावीत आणि हाताने हलके पिळून घ्यावीत. पेशींच्या मधली हवा निघून गेल्याने पान एकदम गडद, चकचकीत हिरवे होते, मऊ पडल्याने मिक्सरमध्ये लोण्यासारखे वाटले जाते आणि कच्च्या पालकाचा तो जिभेवर चरचरणारा स्पर्शही बराच कमी होतो. उकळलेले पाणी फेकून द्यावे. क जीवनसत्त्वाचा काही भाग त्या पाण्याबरोबर जातो, पण त्याची भरपाई पेरू सहज करतो, कारण १०० ग्रॅम पेरूत साधारण २०० मिलिग्रॅम किंवा त्याहूनही अधिक क जीवनसत्त्व असते. पावसाळ्यात, जेव्हा पालेभाज्या चिखलाने माखून येतात आणि अनेक घरांत त्या खाणेही टाळले जाते, तेव्हा तर हे एक मिनिट अजिबात वगळू नये.

दोन मध्यम पेल्यांसाठी प्रमाण असे घ्यावे : निवडलेल्या पालकाची पाने ६० ग्रॅम, म्हणजे सैल भरलेल्या तीन-चार मुठी, पिकलेला मध्यम पेरू एक, सोललेली काकडी अर्धी, केळे अर्धे, पुदिन्याची आठ-दहा पाने, आल्याचा नखाएवढा तुकडा, दीडशे मिलिलिटर गार पाणी, चिमूटभर मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. पेरूचा बियांचा गाभा काढून तो थोड्या पाण्यात वेगळा फिरवून गाळून घेतला, तर तोही कामी येतो. काकडीचे टोक कापून घासण्याची जुनी रीत आहे, पण त्यावर विसंबून राहू नये. एक चकती चाखून पाहावी आणि ती कडू लागली तर काकडी घेऊ नये.

मिक्सरमध्ये सगळे एकदम टाकण्याची घाई हीच बहुतेक वेळा पोत बिघडवते. आधी मधल्या आकाराच्या भांड्यात फक्त पालक, पुदिना, आले आणि निम्मे पाणी घेऊन एक मिनिट फिरवावे, मधे थांबून कडा खरवडून घ्याव्यात आणि बोटाने चाचपून पाहावे. पानाचा कण लागेनासा झाला की मगच काकडी व फळे घालावीत आणि बटण थोडे थोडे फिरवत अर्ध्या मिनिटात काम संपवावे. सलग बराच वेळ मिक्सर चालवल्यास भांडे तापते, मिश्रण कोमट होते आणि रंगही मंदावतो. शिवाय आपण सांगलीच्या आहात, तेव्हा तासगावकडची बिनबियांची हिरवी द्राक्षे हंगामात आपल्या दारात असतात. ती स्वच्छ धुऊन, पुसून फ्रीजरमध्ये गोठवून ठेवावीत. मग केळे आणि बर्फ दोन्हींच्या जागी पंधरा-वीस द्राक्षे घातली, तर स्मूदी थंडगार, गोड आणि खऱ्या अर्थाने हिरवी होते. मुलांच्या बाबतीत मला सर्वाधिक भरवसा या द्राक्षांचाच वाटतो.

प्रश्न : पंधरा दिवस फक्त पालकाच्या स्मूदीवर राहून शरीरशुद्धी करावी, असे एका परिचितांनी सुचवले आहे. मला दहा वर्षांपूर्वी मुतखडा झाला होता. हे करावे का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : करू नये. पालकात ऑक्सॅलेट फार असते आणि आपल्याकडे सर्वाधिक आढळणारे मूत्रखडे कॅल्शियम ऑक्सॅलेटचेच असतात. पालकाची भाजी आठवड्यातून एखाद्या वेळी वाटीभर खाणे वेगळे आणि दोन जुड्या कच्च्या वाटून रोज पिणे वेगळे. पान पेल्यात गेले की ते किती खाल्ले याचा अंदाजच राहत नाही, खरा धोका तेथे आहे. अमेरिकेतील मूत्रपिंडविकारांच्या एका वैद्यकीय नियतकालिकात २०१८ साली ६५ वर्षांच्या एका महिलेची हकिगत प्रसिद्ध झाली. तिची पूर्वी जठराची शस्त्रक्रिया झालेली होती, नुकतीच प्रतिजैविकेही घेऊन झाली होती आणि त्यात हिरव्या स्मूदीचा असाच 'शुद्धी'चा कार्यक्रम केल्यावर ऑक्सॅलेटमुळे तिचे मूत्रपिंड निकामी झाले. निरोगी माणसाने यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही, मात्र आपला पूर्वेतिहास पाहता आपण सावध राहायलाच हवे. शरीरातील नको असलेले पदार्थ बाहेर टाकण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंड करतात. त्यांच्यावर पंधरा दिवस असा भार टाकणे म्हणजे शुद्धी नव्हे.

हिरवे पेय हवेच असेल, तर पालकाऐवजी लेट्यूस, कोबीची कोवळी पाने, काकडी आणि थोडी कोथिंबीर घ्यावी, कारण यांत ऑक्सॅलेट बरेच कमी असते. राजगिरा, माठ, चुका आणि घोळ ही पाने मात्र पालकाच्याच पंगतीतली आहेत. अळू तर कच्चे कधीच वाटू नये. त्यातील सुईसारखे स्फटिक घसा खाजवतात, म्हणूनच फदफद्यात चिंच घालून ते नीट शिजवले जाते. पालक क्वचित घेतलात तर तो उकळत्या पाण्यातून काढावा, पाणी टाकून द्यावे आणि सोबत दही घ्यावे, कारण दह्यातील कॅल्शियम ऑक्सॅलेटला आतड्यातच बांधून ठेवते. आपल्या डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. वॉरफरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी कोणी घेत असेल, तर त्यांनीही तसेच करावे, कारण हिरव्या पानांतील के जीवनसत्त्वाचे प्रमाण अचानक वाढले की त्या गोळीचा परिणाम कमी होतो.

प्रश्न : स्मूदीत पाण्याऐवजी कच्चा दुधी घातला तर चालेल का? दुधी थोडा कडसर निघाला तर गूळ घालून चव सुधारता येते, असे ऐकले आहे. — एक वाचक भगिनी, डोंबिवली

उत्तर : कडसर दुधी ताबडतोब फेकून द्यावा, त्यात गूळ घालण्याचा विचारही करू नये. काकडी-दुधीच्या कुळात कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्ये असतात. ती वाढली की उलट्या, जुलाब आणि पोटात रक्तस्राव होऊ शकतो. आपल्या देशात कडू दुधीचा रस प्यायल्याने मृत्यूही झाले आहेत. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने या विषयाचा अभ्यास करून सल्ला दिला की, रस काढण्यापूर्वी दुधीचा लहान तुकडा चाखावा, कडू असल्यास दुधी टाकून द्यावा आणि दुधीचा रस दुसऱ्या कोणत्याही रसात मिसळू नये. मिसळल्यास कडूपणा झाकला जातो, हे त्यामागचे कारण सरळ आहे. या विषबाधेवर ठरावीक उतारा नाही. म्हणून गोड फळांच्या स्मूदीत दुधी घालणे ही माझ्या मते चुकीची जागा आहे. दुधीचा हलवा किंवा भाजी हीच त्याची योग्य जागा, आणि तिथेही आधी चाखून पाहावेच.

प्रश्न : माझे हिमोग्लोबिन कमी आहे. रोज पालकाची स्मूदी घेतल्यास लोहाच्या गोळ्या बंद करता येतील का? — एक वाचक भगिनी, नागपूर

उत्तर : नाही. १०० ग्रॅम कच्च्या पालकात अडीच-तीन मिलिग्रॅम लोह असते आणि त्यातलेही थोडेच शरीरात शोषले जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली प्रौढ स्त्रीसाठी सांगितलेली रोजची शिफारस २९ मिलिग्रॅम आहे. दोन पेल्यांतल्या ६० ग्रॅम पालकाने ही दरी भरत नाही. पेरू, लिंबू किंवा आवळा यांतील क जीवनसत्त्वामुळे शोषण थोडे वाढते, आणि चहा मात्र ते अडवतो. म्हणून स्मूदीनंतर लगेच चहाचा कप घेऊ नये. स्मूदीला आहारातील एक भाजी मानावे, गोळ्या डॉक्टरांनी सांगेपर्यंत चालू ठेवाव्यात.

प्रश्न : अननस आणि दही घालून केलेली हिरवी स्मूदी काही मिनिटांतच कडू झाली. चूक कोणती? — एक वाचक, पुणे

उत्तर : अननसातील ब्रोमेलिन नावाचे विकर दुधातील प्रथिने तोडते आणि त्यातून कडू चवीचे तुकडे तयार होतात. कच्ची पपई आणि किवी यांतही अशी विकरे असतात. अननस थोडा शिजवून गार केला, किंवा दही न घालता नारळपाणी वापरले, तर कडूपणा येत नाही.

प्रश्न : उरलेली स्मूदी दुसऱ्या दिवशी घ्यावी का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : शक्यतो नको. फ्रीजमध्ये झाकून रात्रभर ठेवता येते, पण सकाळी वर चोथा आणि खाली पाणी दिसते, रंग उतरतो आणि चव थोडी मंद होते. लिंबू घातलेले नसेल, तर उरलेले मिश्रण कणकेत घालून ती मळावी आणि तिच्या मऊ, किंचित गोड पोळ्या लाटाव्यात. मुलांच्या डब्यातून त्या परत येत नाहीत.