स्कॉटी की ज्युडी, हे ठरवण्याआधी

अगं,

तुझा मेसेज काल रात्रीच वाचला, पण दोन ओळीत उत्तर देण्यासारखं नव्हतं म्हणून आज निवांत बसून लिहितोय. हिचकॉक या दिग्दर्शकाचा व्हर्टिगो हा पिक्चर बघितलास, स्कॉटीचा भयंकर राग आला, आणि तुझा मित्र म्हणतो ज्युडीने त्याला फसवलं होतं मग त्याने केलं ते चालतंय. गोष्ट एकदा उजळून घेऊ: एल्स्टर ज्युडीला आपल्या बायकोचं, मॅडलिनचं, सोंग घ्यायला लावतो, स्कॉटी त्या सोंगाच्या प्रेमात पडतो, मग खरी मॅडलिन मनोऱ्यावरून फेकली जाते आणि स्कॉटीला वाटतं आपलीच प्रेयसी मेली. पुढे ज्युडी भेटते तेव्हा तो तिला हुबेहूब मॅडलिन बनवायला लागतो. आता लेख लिहायचाय आणि कुणाची बाजू घ्यायची ते ठरत नाहीये.

बाजू नंतर घे. आधी वही घे आणि सीन पुढे सरकेल तसं लिहीत जा की आत्ता या घडीला या माणसाला नक्की काय काय माहितीये. तुझ्या मित्राचा मुद्दा तिथेच गळून पडतो बघ. स्कॉटी ज्युडीला कपड्यांच्या दुकानात नेतो आणि हा नको, तोच करडा सूट पाहिजे म्हणून हट्ट धरतो, दुकानातली बाई म्हणते सुद्धा की साहेबांना काय हवंय ते पक्कं ठाऊक आहे, तेव्हा त्याला फसवणुकीचा पत्ताच नसतो. त्याच्या लेखी ती कॅन्ससमधल्या सलायना गावची, सॅन फ्रान्सिस्कोत नोकरी करणारी एक साधी मुलगी आहे, मेलेल्या मॅडलिनसारखी दिसते एवढंच. म्हणजे हा सूड नाही. काहीच वाकडं न केलेल्या मुलीशी (त्याच्या समजुतीप्रमाणे) तो असा वागतोय. केस रंगवायला ती नाही म्हणते तर म्हणतो, तुला त्याने काय फरक पडतो. हे एकच वाक्य मला सगळ्या पिक्चरमध्ये सगळ्यात जास्त टोचतं.

आणि तो अंबाड्याचा सीन परत बघ. ती पार्लरमधून येते, सूट तोच, केस सोनेरी, पण मोकळे सोडलेले. ती आशेने बघतेय की आता तरी पुरे. त्याचं तोंड उतरलेलंच, केस मागे घेऊन मानेवर बांधायला सांगितलं होतं ना. ती बाथरूममध्ये जाते, अंबाडा घालून बाहेर येते, खिडकीबाहेरच्या हॉटेलच्या पाटीचा हिरवा उजेड खोलीभर पसरलेला आणि त्याच्या डोळ्यात पाणी. हर्मनचं संगीत असं चढत जातं की आपल्यालाही भरून येतं, मी कॉलेजात असताना पहिल्यांदा बघितला तेव्हा मला फक्त त्याचंच वाईट वाटलं होतं, ज्युडी त्या बाथरूममध्येच संपली हे कळायला मला बरीच वर्षं लागली. भरून आलं म्हणून लाजू नकोस. भरून येऊ दे आणि तरीही विचार की हे बरोबर होतं का, दोन्ही एकदम जमतं.

आता ज्युडी. तिला गरीब बिचारी करून सोडू नकोस. ती खुनाच्या कटात सामील होती. तिने लिहून फाडलेलं पत्र आठव, त्यात ती कबूल करते की एल्स्टरने बायकोला मारायचा बेत केला आणि ती त्याच्या हातातलं हत्यार होती. मूळ फ्रेंच कादंबरीत हे रहस्य शेवटी फुटतं, हिचकॉकने ते आपल्याला आधीच सांगून टाकलं, त्यामुळे स्कॉटीला जे माहीत नाही ते आपल्याला माहीत असतं आणि दोघांचे गुन्हे एकाच वेळी डोळ्यासमोर राहतात.

पण मला खरं बोलायचंय ते तिसऱ्या बाईबद्दल. खरी मॅडलिन एल्स्टर. तुझ्या एवढ्या लांब मेसेजमध्ये ती एकदाही आली नाही, तुझ्या मित्राच्या बोलण्यातही नसणार. तिच्याबद्दल काय कळतं आपल्याला? पैसा आणि जहाजांचा धंदा तिच्या माहेरचा. ती गावाकडे राहायची, शहरात फारशी यायची नाही, म्हणूनच तर तिच्या जागी दुसरी उभी करता आली. तिचा एक शब्दही आपण ऐकत नाही, दिसतं ते फक्त मनोऱ्यावरून फेकलेलं प्रेत. चौकशीत अधिकारी स्कॉटीच्या दुबळेपणावर, म्हणजे उंचीच्या भीतीवर, भाषण देतो, नवऱ्याला सगळ्यांची सहानुभूती, आणि शेवटी एल्स्टर मोकळाच.

यावरून स्कॉटीला खरा प्रश्न विचारता येतो. मॅडलिनचा म्हणून त्याला ठाऊक असलेला हार आरशात ज्युडीच्या गळ्यात दिसतो आणि त्याला सगळं उमगतं. हा माणूस डिटेक्टिव्ह होता गं! एका बाईचा खून झालाय आणि साक्षीदार समोर उभी आहे. तो पोलिसांना फोन करतो का? तो ज्युडीला गाडीत घालून सॅन हुआन बॉटिस्टाला नेतो, त्याच मनोऱ्यावर ओढत चढवतो, कारण त्याला स्वतःच्या भुतातून सुटायचंय, ही दुसरी संधी आहे असं तो तोंडाने म्हणतो. त्याने (एल्स्टरने) तुला शिकवलं का, रिहर्सल करून घेतली का, एवढंच विचारत राहतो. दुःख बाई मेली याचं नाही, आपण फसलो याचं आहे. आणि ज्युडीही प्रेमाबद्दलच बोलते, मॅडलिनबद्दल नाही. दोघंही तिला विसरलेत, आणि आपणही.

तेव्हा लेखाचं राहू दे थोडं. हार दिसतो तिथून शेवटपर्यंतचा भाग पुन्हा बघ आणि खऱ्या मॅडलिनवर अर्धं पान लिही, फक्त जेवढं पिक्चरमध्ये आहे तेवढंच, पदरचं काही नको. रविवारी दुपारी मी घरी आहे, तेव्हा फोन कर आणि वाचून दाखव.