बत्तिसावी रात्र

प्रिय पोरी,

परवा शंकरनगरच्या ठेल्यावर तुझे तर्री-पोहे निवून गेले आणि तू चोरी कबूल करावी तशी म्हणालीस, "काका, 'श्यामची आई' सिनेमा पाहून ढसाढसा रडले, पण पुस्तक काही पुढे सरकत नाही." माझ्यातच खोट आहे का, असंही विचारलंस. खोट कसली? तू ताळा करते आहेस. पुस्तकाचा सिनेमाशी ताळा करू नये.

'भरजरी गं पितांबर' पुस्तकात शोधलंस म्हणे. सापडेल कसं? ते गाणं अत्र्यांनी १९५३च्या चित्रपटासाठी लिहिलं. सिनेमात आई झालेल्या वनमालाबाईंचा चेहराही तिथे नाही. तिथे आहे श्यामचा आवाज, आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री थोडं थोडं सांगणारा. म्हणून तर त्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत, बेचाळीस. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली त्यातल्या बऱ्याचशा पाच दिवसांत लिहून काढल्या हे खरं, पण त्यांचा ऊर भरून आला होता. तुला कसली घाई? रविवारी कूलरसमोर लोळत एका बैठकीत नऊ रात्री उरकल्यास आणि वर म्हणतेस, रडारड फार आहे! नऊ रात्रींचं पाणी एका दुपारी प्यायलीस तर खारट लागणारच. एका दिवशी एकच रात्र. जमलं तर मोठ्याने.

अठरावी येईल तेव्हा बघ. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील मुकाट्याने जेवतात, म्हणून मुलंही ब्र काढत नाहीत. शेवटी आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. झालं, एवढंच. सिनेमात हे होतं की नव्हतं, हे आठवत बसलीस तर ती पंगत हातची गेली.

मी कोण मोठा शहाणा लागून गेलोय म्हणा. महाल भागातल्या आमच्या गल्लीत गणपतीत चादरीवर तो सिनेमा पाहिला आणि पुढे पुस्तक हाती आलं तेव्हा पेन्सिल घेऊन बसलो. पाहिलेल्या प्रसंगांना खुणा केल्या, बाकीचं चाळलं. बऱ्याच वर्षांनी आई अंथरुणाला खिळली आणि म्हणाली, वाचून दाखव. प्रत तीच. एकतिसावी, लाडघरच्या तामस्तीर्थाची, संपली आणि मी सरळ तेहतिसावी काढली. मधली 'कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक'. खुणा बघून वाचायची सवय, त्यात ती राहून गेली, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. खुणा बघायला मी थांबलोच नव्हतो. त्या महिन्यात वसुलीचा माणूस दोनदा आमच्या दारात येऊन गेला होता, आणि कर्ज माझ्या दुकानाचं होतं. आजारी बाईला तेव्हा ते कशाला ऐकवायचं? तू ऐकवलं असतंस?

आईने विचारलं, "बत्तिसावी कुठे गेली रे?"

म्हटलं, पानं चिकटलीत.

"असू दे. पुढची वाच."

असो. आज दहावी वाच, उद्या अकरावी. आणि ताळा करू नकोस, हे किती वेळा सांगू? बत्तिसावी बावीस दिवसांनी येते. त्या दिवशी घरी ये. तू वाच, मी ऐकतो.

तुझा,
काका