वाचकांचे प्रश्न: स्कूल बोर्डावर पास्टर

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. आमच्या टाउनच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनवर, म्हणजे सरकारी शाळांच्या निर्वाचित मंडळावर, एका चर्चचे पास्टर निवडून आले आहेत. अमेरिकेत धर्म आणि सरकार वेगळे ठेवतात ना, मग हे चालते कसे? आता दिवाळीची सुट्टी मिळणार नाही, असेही लोक म्हणताहेत.

चालते, आणि कोणाला अडवताही येत नाही. टेनेसी राज्याच्या घटनेत 1796 पासून धर्मगुरूंना विधिमंडळात बसायला बंदी होती. 1977 च्या घटना-परिषदेसाठी चॅटनूगाचे एक बाप्टिस्ट पाळक उभे राहिले, तेव्हा प्रतिस्पर्धी उमेदवाराने याच बंदीवर बोट ठेवून कोर्ट गाठले. 1978 मध्ये सुप्रीम कोर्टाने 'मॅकडॅनियल विरुद्ध पेटी' या खटल्यात ती बंदी मोडीत काढली. विरोधी मत एकाही न्यायमूर्तीचे नव्हते. खुर्चीत बसलेला माणूस रविवारी काय करतो हे कायदा बघत नाही. खुर्चीत बसून काय करतो ते बघतो.

तिथे बसून एकट्याला फारसे काही करता येत नाही. न्यू जर्सीत बहुतेक बोर्डांवर 9 सदस्य असतात, मुदत 3 वर्षांची, मानधन शून्य. बोर्डाने धोरण ठरवायचे, शाळा सुपरिंटेंडंटने, म्हणजे बोर्डाने नेमलेल्या मुख्य प्रशासकाने, चालवायच्या. शिक्षकाची नेमणूकसुद्धा सुपरिंटेंडंटच्या शिफारशीशिवाय बोर्डाला करता येत नाही. एखादा सदस्य परस्पर मुख्याध्यापकांना फोन करून "ते पुस्तक काढा" म्हणाला, तर तो आचारसंहितेचा भंग. मग तो पास्टर असो की दंतवैद्य.

आता दिवाळी. कॅलेंडर बोर्डाच्या मतदानाने मंजूर होते, म्हणजे पास्टरांचे मत नवातले एक. पण खरी मेख वेगळीच आहे. सरकारी शाळा एखाद्या धर्माचा सण म्हणून बंद ठेवता येत नाही. त्या दिवशी इतके विद्यार्थी आणि शिक्षक गैरहजर राहतात की वर्ग भरवण्यात अर्थ नाही, असे कारण लागते. त्यामुळे बोर्डापुढे "आमचाही सण आहे" असे भावनेने बोलून फार उपयोग होत नाही. मागच्या तीन-चार वर्षांचे दिवाळीच्या दिवशीचे हजेरीचे आकडे मागा, त्यात शिक्षकांच्या रजाही धरा, आणि पुढच्या वर्षाचे कॅलेंडर मतदानाला येण्याआधी ते मांडा. मंजूर झाल्यावर गेलात तर वर्ष गेलेच. शाळेचे किमान 180 दिवस भरावे लागतात, म्हणून नवी सुट्टी बहुधा वर्षाअखेरीस जूनमधला एक दिवस वाढवते. विरोध होतो तो जास्त करून यावरून, धर्मावरून नव्हे. सुट्टी नाही मिळाली तरी राज्याच्या मान्य धार्मिक सणांच्या यादीत दिवाळी आहे. पालकांची चिठ्ठी दिली की त्या दिवशीची गैरहजेरी मुलाच्या अंगावर येत नाही आणि बुडालेली परीक्षा पुन्हा देता येते.

प्रश्न : त्याच पास्टरांचे चर्च दर रविवारी शाळेची जिम भाड्याने घेते. हे गैर नाही का?

भाड्याने घेणे गैर नाही. शाळेची जागा इतर स्थानिक मंडळांना मिळत असेल तर केवळ धार्मिक म्हणून एखाद्या गटाला नाकारता येत नाही, हे 2001 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या मिलफर्डच्या खटल्यात ठरले. दर मात्र सगळ्यांना एकच हवा.

गोची होते ती पास्टर त्या विषयावर मत देतात तेव्हा. ज्या चर्चकडून पगार मिळतो त्या चर्चच्या भाड्याचा ठराव आला, की राज्याच्या स्कूल एथिक्स अ‍ॅक्टच्या (बोर्ड सदस्यांच्या आचरणाच्या कायद्याच्या) दृष्टीने त्यांचा आर्थिक संबंध उभा राहू शकतो. इथे बरेच सदस्य चुकतात: चर्चेत दहा मिनिटे बोलतात आणि शेवटी "अ‍ॅबस्टेन" (मत देत नाही) म्हणून मोकळे होतात. तेवढ्याने भागत नाही. "रिक्यूज" व्हायचे म्हणजे चर्चेतूनच उठायचे, बंद दाराआडची बैठक असेल तर खोलीबाहेर जायचे, आणि तशी नोंद इतिवृत्तात घ्यायला लावायची. पत्नी त्याच डिस्ट्रिक्टमध्ये (बोर्डाच्या अखत्यारीतल्या शाळांत) शिक्षिका असेल तर शिक्षकांच्या कराराच्या वाटाघाटी आणि त्यावरचे मत, दोन्हींपासून लांब.

तुम्ही काय करायचे? आधी ओप्रा (सरकारी कागद मागण्याचा राज्याचा कायदा) खाली भाडेकरार आणि पावत्या मागा. साधारण 7 कामकाजाच्या दिवसांत उत्तर यायला हवे. दर इतरांइतकाच आहे का ते जुळवा. मग इतिवृत्तात पास्टरांचे मत कुठे पडले ते बघा. खोट दिसली तर स्कूल एथिक्स कमिशनकडे तक्रार करता येते, पण घटना कळल्यापासून 180 दिवसांच्या आत. ताकिदीपासून पदावरून काढण्यापर्यंत शिक्षा होऊ शकते. निव्वळ संशयावर तक्रार ठोकू नका. कागद नसेल तर ती टिकत नाही.

प्रश्न : बैठकीच्या सुरुवातीला पास्टर प्रार्थना म्हणू शकतात का?

न्यू जर्सीत नाही. शेजारच्या डेलावेअरमधल्या इंडियन रिव्हर डिस्ट्रिक्टच्या खटल्यात थर्ड सर्किट या केंद्रीय अपील कोर्टाने 2011 मध्ये बोर्डाच्या प्रार्थनेला मनाई केली. अशा बैठकीला विद्यार्थी येतात, कौतुकाची प्रमाणपत्रे घेतात, म्हणून तिची तुलना प्रार्थना चालते त्या विधानसभेशी नव्हे, शाळेशीच करायची, असे कोर्टाचे म्हणणे. न्यू जर्सी त्याच सर्किटमध्ये, म्हणजे त्या कोर्टाच्या हद्दीत, येते. टेक्सासमधला मेहुणा "आमच्याकडे होते की" म्हणाला तर तोही खोटे बोलत नाही: फिफ्थ सर्किटने 2017 मध्ये बर्डव्हिलच्या खटल्यात विद्यार्थ्यांनी म्हटलेली प्रार्थना चालवून घेतली. पास्टर मनातल्या मनात म्हणोत, घरी म्हणोत. बोर्डाच्या माइकवरून नको.

प्रश्न : आमच्या मराठी चर्चचे पाळकसाहेब पुढच्या निवडणुकीला उभे राहायचे म्हणताहेत. मंडळीने कशी मदत करावी?

मंडळीतल्या माणसांनी हवी तेवढी करावी. चर्चने संस्था म्हणून करू नये. करमाफी असलेल्या संस्थेचा पैसा, झेरॉक्स मशीन, ईमेलची यादी, फुकटचा हॉल, यातले काहीही प्रचाराला लावू नका. हॉल द्यायचाच तर सगळ्या उमेदवारांना त्याच भाड्याने द्या. पत्रकावर 'पास्टर' लिहायला हरकत नाही, पण उल्लेख केवळ ओळखीपुरता आहे आणि चर्चचा पाठिंबा समजू नये, ही ओळ खाली हवी. आणि पाळकसाहेबांना दाराशी येणारा मतदार प्रॉपर्टी टॅक्सबद्दल विचारणार आहे. डिस्ट्रिक्टचे बजेट आधी वाचून ठेवायला सांगा.