सीटी स्कॅनवरचा प्रोजेक्ट आणि डॉक्टर नसलेली मुलगी

नमस्कार,

तुमची मुलगी कॉम्प्युटरच्या थर्ड इयरला आहे, फायनल प्रोजेक्टला तिला सीटी स्कॅनवरून फुप्फुसाच्या कॅन्सरचा पेशंट किती काळ काढेल याचा अंदाज बांधायचाय, आणि तुम्ही लिहिलंय की डॉक्टर नसताना या लाइनमध्ये तिला विचारणार कोण. विचारतात हो. अनंत मदभुशी मुंबई युनिव्हर्सिटीतून बायोमेडिकल इंजिनिअर झाले, डॉक्टर नाहीत, आणि आज अमेरिकेत एमरी युनिव्हर्सिटीत नेमकं हेच काम करतात.

मला काळजी वेगळीच आहे, की ती घाईघाईत डीप लर्निंगचं, म्हणजे स्कॅनमधून आपोआप शिकणारं मॉडेल लावून नव्वद टक्के अ‍ॅक्युरसी दाखवेल आणि विषय संपला म्हणेल. तिला ही गोष्ट नक्की सांगा. 2014 साली नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट आणि अमेरिकेतल्या बॉस्टनच्या संशोधकांनी 1019 पेशंटच्या स्कॅनमधून गाठीचा आकार, घनता, पोत असे 440 आकडे काढले आणि त्यातल्या मोजक्या आकड्यांवरून कोण जास्त जगेल ते सांगता येतं असं दाखवलं, याला रेडिओमिक्स म्हणतात, सगळीकडे नाव झालं. 2019 मध्ये टोरांटोच्या टीमने गाठीच्या आतले पिक्सेल चक्क उलटेपालटे केले तरी अंदाज जवळपास तेवढाच चांगला आला, म्हणजे ते आकडे मुख्यतः गाठ किती मोठी आहे एवढंच सांगत होते, आणि ते तर डॉक्टरांना आधीच माहीत असतं!

म्हणून तिने आधी फक्त गाठीचं व्हॉल्यूम, स्टेज आणि वय घेऊन साधं कॉक्स मॉडेल (पेशंट किती काळ जगेल याचा अंदाज बांधायची स्टॅटिस्टिक्सची नेहमीची पद्धत) करावं, मग स्कॅनमधून काढलेले स्वतःचे आकडे, म्हणजे फीचर्स, टाकावेत, फरक नाही पडला तर तसंच लिहावं, तोही रिझल्टच आहे. स्टॅटिस्टिक्स मात्र मनापासून शिकायला लावा, कारण फॉलोअप संपला तेव्हा जिवंत असलेल्या, म्हणजे एकूण किती जगले हे माहीतच नसलेल्या पेशंटचं काय करायचं हे नुसत्या कोडिंगने कळत नाही.

डेटाला पैसे लागत नाहीत. मास्ट्रिख्टच्या 422 पेशंटचे स्कॅन कॅन्सर इमेजिंग अर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहात आहेत, गाठीची आउटलाइन डॉक्टरांनी काढलेली मिळते, स्कॅनमधून असे आकडे काढणारं पायरेडिओमिक्स हे सॉफ्टवेअरही फुकट आहे. पुढे गेट या प्रवेशपरीक्षेचा बायोमेडिकलचा पेपर देऊन आयआयटी मुंबईत एमटेकचा प्रयत्न करता येईल.

आणि गावातल्या एखाद्या रेडिओलॉजिस्टला विनंती करून सुट्टीत तिला थोडे दिवस त्यांच्या शेजारी बसू द्या. आपल्याकडे टीबीचा जुना व्रणसुद्धा स्कॅनवर गाठीसारखा दिसू शकतो, आणि तिकडच्या डेटावर शिकलेलं मॉडेल इथे का घसरेल हे तिला तिथेच पटेल.