लडाखमध्ये जवानांनी शुक्र-गुरूला चिनी ड्रोन समजलं हे खरं आहे का? लष्कराला एवढंही कळत नाही का?

बातमी खरी आहे. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात लडाख सीमेवर अनोळखी दिव्यांच्या ३२९ नोंदी झाल्या, त्यातल्या १५५ आपल्या हद्दीतल्या धरल्या गेल्या. शेवटी बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने वेळा आणि दिशा ताडून सांगितलं, संध्याकाळचा गुरू आणि पहाटेचा शुक्र. तुमच्या दुसऱ्या वाक्यामुळे मात्र लिहायला बसलो.

मी पायदळातला, निवृत्त. या प्रकरणाच्या बऱ्याच आधी लडाखमध्येच होतो. एका पहाटे संत्रीने बंकरमध्ये येऊन हलवलं, "उस्ताद, समोरच्या धारेवर बत्ती आहे, सरकतेय." पोरगा यवतमाळकडचा, नवा. बाहेर आलो तर खरंच लाल-हिरवं लुकलुकत होतं. अंधारात एकाच ठिपक्याकडे टक लावली की डोळेच तो हलवतात, आणि क्षितिजालगतच्या हवेमुळे रंग बदलतात. त्याला म्हटलं, रायफल सँडबॅगवर टेकव, फोरसाइटच्या, म्हणजे नळीच्या पुढच्या नेमखुंटीच्या टोकावर बत्ती धर आणि आता हात लावू नकोस. चहा होईपर्यंत बत्ती वर आणि जरा उजवीकडे चढली, शेजारचा ताराही तेवढाच चढला. शुक्राची चांदणी! गावाकडे हिला बघून याचे आजोबा बैल जुंपत असणार. पण तिथे ती बाभळीवर उगवते, इथे चीनच्या बाजूने, विरळ स्वच्छ हवेत डोळ्यांत घुसेल इतकी लख्ख. तरीही वेळ आणि बेअरिंग, म्हणजे दिशेचा कोन, लिहून वर कळवलंच. संत्रीचं काम तेवढंच. "तारा असेल" म्हणून जो परत झोपतो, त्याच्या भरवशावर सीमा सोडता येत नाही.

हे आमच्या साडूभाऊंना आजही पटत नाही. पुण्यात इंजिनिअर आहेत. २०१३ मध्ये बातमी आली, त्या वर्षीच्या हिवाळ्यात एका लग्नाच्या पंगतीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुमची फौज गुरूशी लढायला निघाली होती म्हणे!" अहो, त्याच वर्षी एप्रिलमध्ये लडाखमध्येच देपसांगला चिनी सैनिक तंबू ठोकून बसले होते, ते काय ग्रह होते? मी म्हटलं, चला मांडवाबाहेर, गुरू कुठला ते दाखवा. त्यांनी मोबाईल काढला. आपल्याकडे आकाश न बघणारेच संत्रीला हसतात. चूक काढायचीच तर वरच्यांची काढा. ग्रह कधी उगवणार याचा एक कागद प्रत्येक चौकीत टांगायला काय लागतं? घरात पंचांग खिळ्याला असतंच की.

अमेरिकेच्या हवाई दलाने १९४७ ते १९६९ मध्ये अशा १२,६१८ नोंदी तपासल्या. बहुतेक ग्रह, तारे, फुगे, विमानं निघाली, ७०१ चा उलगडा झाला नाही. त्यावरून परग्रहवासी आले असं कृपया समजू नका. बहुतेक वेळा माहितीच अपुरी असते.

आणि हो, लडाखच्या त्या ३२९ मधली प्रत्येक नोंद ग्रहाचीच होती असंही माझं म्हणणं नाही. ड्रोन सीमेवर येतातच.