पौंडाची पत केव्हा गेली?

प्रश्न : ब्रिटनची आर्थिक सत्ता नेमकी केव्हा ओसरली? तिच्या ऱ्हासाला दुसरे महायुद्धच कारणीभूत मानावे काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : महायुद्धाने कंबरडे मोडले हे खरे, पण दुखणे जुने होते. अर्थमंत्री चर्चिल यांनी १९२५ मध्ये सुवर्णमान (चलनाची किंमत सोन्याशी बांधण्याची पद्धत) पुन्हा लागू केला, तो पहिल्या महायुद्धाआधीच्याच दराने, म्हणजे पौंडाला ४.८६ डॉलर या भावाने. प्रतिष्ठेपायी धरलेला हा चढा दर कोळसा आणि कापड यांच्या निर्यातीला झेपला नाही आणि सप्टेंबर १९३१ मध्ये सुवर्णमानच सोडावा लागला.

दुसऱ्या महायुद्धात मात्र सावकार आणि ऋणको यांच्या जागाच बदलल्या. युद्धासाठी भारतातून घेतलेल्या मालाचे पैसे चुकते न करता ते लंडनमध्ये पौंडांत जमा दाखवले जात. ही ‘स्टर्लिंग शिल्लक’ युद्धाअखेरीस सुमारे १३० कोटी पौंडांच्या घरात गेली होती. युद्धोत्तर चलनव्यवस्था ठरवणाऱ्या १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत भारतीय शिष्टमंडळाने हा विषय काढला (रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख त्यात होते), तेव्हा हा हिशेब आपण संबंधित देशांशी परस्पर मिटवू, असे ब्रिटनच्या वतीने अर्थतज्ज्ञ केन्स यांनी सांगितले.

पुढे डिसेंबर १९४५ मध्ये अमेरिकेने दोन टक्के व्याजाने ३७५ कोटी डॉलरचे कर्ज ब्रिटनला देण्याचा करार केला. कोणालाही पौंड देऊन डॉलर घेता आले पाहिजेत, ही त्यातली जाचक अट होती. दरम्यान, युद्धकाळातही ज्यावर नियंत्रण आले नव्हते तो पाव जुलै १९४६ पासून ब्रिटनमध्ये रेशनवर मिळू लागला. अटीप्रमाणे १५ जुलै १९४७ रोजी पौंड खुला झाला आणि डॉलरची गंगाजळी इतक्या वेगाने आटू लागली की २० ऑगस्टला ही सोय बंद करावी लागली. आपले स्वातंत्र्य त्याच पाच आठवड्यांत आले, हा निव्वळ योगायोग असला तरी बोलका आहे. एकच तारीख हवी असेल, तर मी ही २० ऑगस्ट सांगेन.

अर्थात ब्रिटन कंगाल झाला, असा याचा अर्थ नाही. १९५० च्या दशकात तिथले राहणीमान वाढतच होते. पण १९४९ मध्ये पौंड ४.०३ वरून २.८० डॉलरवर आणावा लागला (आपल्या रुपयाचेही त्याच वेळी अवमूल्यन झाले), आणि १९५६ मध्ये इजिप्तच्या सुएझ कालव्यावर ब्रिटनने धाडलेल्या फौजा थांबवायला अमेरिकेला शस्त्र उचलावे लागले नाही. पौंड सावरण्यासाठी लागणारी मदत अडवून धरणे पुरेसे ठरले.