मोत माउली की माउंट मेरी?

प्रश्न : वांद्र्याच्या टेकडीवरच्या चर्चला कुणी मोत माउली म्हणतं, कुणी माउंट मेरी. खरं नाव कोणतं? आणि ख्रिस्ती लोक येशूची आई मारिया (मेरी) हिची पूजा करतात का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, दोन्ही खरी. ‘मोत’ म्हणजे माउंट, डोंगर. कोळ्यांनी त्याला माउली जोडली. मला हेच नाव जवळचं, कारण वसईहून आजी मला तिथे न्यायची, तेव्हा आमच्या घरात दुसरं नावच नव्हतं. एका वर्षी बाबांचा पाय मोडला होता. आजीने बाहेरच्या दुकानातून मेणाचा पाय घेतला आणि आत वाहिला. मेणाचे हात, घरं, बाळंही तिथे मिळतात.

पूजा फक्त देवाची. मारियेला आम्ही विनवतो, “आमच्यासाठी प्रार्थना कर.” आजी एवढंच सांगायची, “लेकाकडे शब्द टाकायला आईच लागते.”

सणाचा दिवस 8 सप्टेंबर, मारियेचा जन्मदिवस. त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा भरते. आधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची खास प्रार्थना. सध्याची इमारत 1904ची, आणि 1954 साली पोपनी तिला बॅसिलिकेचा, म्हणजे विशेष दर्जाच्या चर्चचा, मान दिला. पण चर्चची ओळख मला दिसते ती रांगेत. त्या रांगेत हिंदू, पारशी, मुसलमानही मेणबत्ती घेऊन उभे असतात आणि कुणी कुणाला धर्म विचारत नाही.

तुम्ही जाल तेव्हा समुद्राच्या बाजूच्या पायऱ्यांनी चढा. आजी तिथूनच चढायची, चप्पल हातात घेऊन.